अव्यक्त साचेबंद प्रतिमांचे मापन आणि मराठी गद्याचा अभ्यास : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात काही विचार

१

'गडचिरोलीला पाठवीन' हे वाक्य एखाद्या कचेरीत वरिष्ठाच्या तोंडून निघाले, तर ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. वाक्यात विशेषण नाही, निंदा नाही, कोणत्याही माणसाचा वा समाजाचा उल्लेखही नाही. एका जिल्ह्याचे नाव आणि एक साधे क्रियापद एवढीच काय ती सामग्री. तरीही त्याचा अर्थ 'शिक्षा' असाच होतो. हे वाक्य उच्चारणाऱ्या गृहस्थांना, तेथील माणसांविषयी आपल्या मनात काही आकस आहे काय, असे विचारले तर ते 'मुळीच नाही' असे उत्तर देतील आणि ते उत्तर बहुधा प्रामाणिक असेल. विचारल्यावर मिळणारे उत्तर आणि न विचारता भाषेतून प्रकट होणारी धारणा यांमधील हे अंतर मोजता येईल काय, असा प्रश्न सामाजिक मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत घेतला आहे. त्या प्रयत्नांचा परिचय करून देणे, आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांतून काय घेता येईल व काय घेऊ नये याची चर्चा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी दोन-तीन आकडे नोंदविणे योग्य ठरेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. 'हा सगळा जिल्हा आदिवासींचा' असे बाहेरच्यांना सर्रास वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीच्या १०,७२,९४२ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. चंद्रपुरात ते १७.७ टक्के आहे. 'मागास' हे विशेषण या जिल्ह्याला जणू कायमचे चिकटलेले आहे. परंतु त्याच जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना गडचिरोलीत ९८२ होत्या. हे आकडे गुप्त नाहीत. तथापि ते ठाऊक असूनही मनातील चित्र हलत नाही, आणि नेमकी हीच साचेबंद प्रतिमेची खूण होय.

२

समूहाविषयीच्या अशा ठरीव चित्राला वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली जे नाव दिले, ते छापखान्यातून घेतलेले होते. जुळवलेल्या खिळ्यांवरून एक अखंड धातुपट ओतून घ्यावयाचा आणि मग हव्या तितक्या प्रती काढावयाच्या, ही ती प्रक्रिया. एकदा पट ओतला की त्यातील एखादे अक्षर बदलणे शक्य नसते. मराठीत 'साचेबंद प्रतिमा' हा शब्द त्यासाठी रूढ झाला असून तो मूळ कल्पनेशी पुरेसा इमान राखून आहे. या प्रतिमांच्या मोजणीचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न कॅट्झ व ब्रेली यांनी १९३३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात केला. शंभर विद्यार्थ्यांना ८४ विशेषणांची यादी देऊन दहा समूहांपैकी प्रत्येकास कोणती विशेषणे लागू पडतात हे निवडावयास सांगण्यात आले. उत्तरांतील एकवाक्यता थक्क करणारी होती. ज्यांच्याशी कधी गाठही पडली नव्हती अशा समूहांबद्दलही विद्यार्थी ठामपणे बोलत होते.

पुढे काळ बदलला. उघडपणे असे बोलणे असभ्य मानले जाऊ लागले आणि प्रश्नावलीतील उत्तरे निवळली. मने निवळली की केवळ उत्तरे, हे मात्र प्रश्नावलीला सांगता येईना. या ठिकाणी गडचिरोलीतीलच एका वेगळ्या क्षेत्रातील संशोधनाचे स्मरण होते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी येथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तक्रार सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५५ टक्के होते. प्रत्यक्ष तपासणीत स्त्रीरोग आढळले ते ९२ टक्के स्त्रियांत. विचारून कळणारे आणि तपासून कळणारे यांत केवढी तफावत असू शकते, याचे हे आपल्या दाराशी असलेले उदाहरण आहे. अर्थात दृष्टान्त फार ताणू नये. रोगाला शरीराचा आधार असतो. प्रतिमेचा 'अवयव' कोणता, हे दाखवता येत नाही. या फरकाकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

१९८९ मध्येच पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी एक महत्त्वाचा भेद मांडला. समाजात वाढताना साचेबंद प्रतिमा सर्वांनाच ठाऊक होते व ती आपोआप जागी होते. तिच्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही, हा नंतरचा, जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो. म्हणजे प्रतिमा ठाऊक असणे आणि ती मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. अँथनी ग्रीनवाल्ड आणि महझरीन बानाजी यांनी १९९५ मध्ये या आपोआप चालणाऱ्या व्यापाराला 'अव्यक्त' हे विशेषण लावून त्याचा सिद्धान्त सांगितला. (बानाजी यांचा जन्म सिकंदराबादचा, शिक्षण हैदराबादचे. दक्षिणेतील बहुभाषी, बहुधर्मी शहरात वाढलेल्या व्यक्तीने हा विषय हाती घ्यावा, हे अगदीच योगायोगाचे वाटत नाही.) मराठीच्या विद्यार्थ्याला येथे व्यंजनेची आठवण होणे साहजिक आहे. पण व्यंग्यार्थ हा कवीला अभिप्रेत असतो आणि सहृदयाने तो ओळखावा अशी त्याची अपेक्षा असते. अव्यक्त प्रतिमा वक्त्याला अभिप्रेत नसते. ती त्याच्यापासूनही लपलेली असू शकते. म्हणून 'ध्वनित' हा शब्द येथे वापरू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९९८ मध्ये ग्रीनवाल्ड, मॅकगी व श्वार्ट्झ यांनी 'अव्यक्त साहचर्य चाचणी' प्रसिद्ध केली. तिची कल्पना सोपी आहे. पडद्यावर एकामागून एक शब्द येतात. फुलाचे नाव अथवा सुखद शब्द आला तर डावी कळ, किड्याचे नाव अथवा दुःखद शब्द आला तर उजवी कळ दाबावयाची. हे काम भराभर होते. मग जोड्या बदलतात : किडा व सुखद शब्द एका कळीवर, फूल व दुःखद शब्द दुसरीवर. आता हात अडखळतो. हे अडखळणे सेकंदाच्या काही शतांशांचे असते, आणि हेच मोजमाप. ज्या दोन कल्पना मनात एकत्र राहतात त्यांना एकच कळ सोयीची वाटते. ज्या एकत्र राहत नाहीत त्यांना एका कळीवर आणताना वेळ लागतो. फुले व किडे यांच्या जागी दोन समाज, आणि सुखद-दुःखद शब्दांच्या जागी गुणवाचक शब्द घातले की साचेबंद प्रतिमेची चाचणी तयार होते. २००३ मध्ये गुणांकनाची रीत सुधारण्यात आली. दहा सेकंदांहून उशिरा आलेली उत्तरे वगळावयाची, दहा टक्क्यांहून अधिक उत्तरे ३०० मिलिसेकंदांच्या आत देणाऱ्याची चाचणी रद्द समजावयाची, आणि दोन्ही जोड्यांच्या सरासरीतील फरकाला त्या व्यक्तीच्याच उत्तरांच्या प्रमाण विचलनाने भागावयाचे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. स्वभावतःच संथ असणारा माणूस यामुळे उगाच पूर्वग्रहदूषित ठरत नाही.

३

अशी चाचणी चंद्रपूर-गडचिरोलीत मराठी भाषेतून घ्यावयाची ठरवली तर काय अडचणी येतील, याचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकाने करण्यासारखा आहे. कारण त्या अडचणी जवळजवळ सर्वच भाषेच्या आहेत.

पहिला प्रश्न समूहाच्या नावाचा. 'आदिवासी', 'वनवासी', 'गिरिजन', 'अनुसूचित जमात', 'गोंड', 'माडिया' आणि गोंडांचे स्वतःसाठीचे 'कोया', 'कोइतूर' हे शब्द एकाच जनसमूहाकडे निरनिराळ्या दारांतून नेतात. प्रत्येक नावामागे एक भूमिका आहे. ज्याने नाव निवडले त्याने अर्धी चाचणी आधीच सोडवलेली असते. बरे, समूहाचे नाव टाळून आडनावे घ्यावीत तर तेथेही निर्वेध वाट नाही. मडावी, कुमरे, आत्राम ही आडनावे वाचताच येथील माणूस जमात ओळखतो. पण अहेरीचे जमीनदार घराणेही आत्रामच. एकाच आडनावाबरोबर राजवाडा आणि झोपडी दोन्ही जाग्या होत असतील, तर हात कशामुळे अडखळला हे सांगणार कसे?

दुसरा प्रश्न विशेषणांचा. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही. मराठीत 'भोळा-भोळी-भोळे' अशी रूपे होतात, आणि पडद्यावर 'भोळा' हा एकटा शब्द आला तरी त्याबरोबर एक पुरुष उभा राहतो. म्हणून मराठीतील चाचणीला 'हुशार', 'प्रामाणिक', 'आळशी', 'कर्तबगार', 'अजाण' अशी अविकारी विशेषणेच घ्यावी लागतील. यामुळे 'वेडा', 'खुळा', 'साधा', 'शहाणा' असे बोलीत खोल रुजलेले शब्द गमवावे लागतात आणि संस्कृत-फारसी वळणाचे शब्द उरतात, ज्यांचा वाचनवेग मुळात वेगळा असतो. ही अडचण मूळ चाचणीच्या कर्त्यांना नव्हती. ती आपली आहे आणि आपणच सोडवावयाची आहे.

'रान' या शब्दाचा विचार केल्यास शब्दांची निवड किती नाजूक आहे हे कळेल. 'रानमेवा', 'रानफूल', 'रानभाजी' म्हटले की मन प्रसन्न होते. 'रानटी' म्हटले की तेच रान शिवी होते. वनस्पतीला जोडलेले रान कौतुकाचे, माणसाला जोडलेले तुच्छतेचे. मराठी भाषकाच्या मनातील या प्रदेशाविषयीचे द्वैत या एका शब्दाच्या संसारात साठवलेले आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

परंतु सर्वांत महत्त्वाची अडचण याहून निराळी आहे. सुखद-दुःखद किंवा चांगले-वाईट या एकाच अक्षावर मापन केले तर माडिया-गोंडांविषयी मराठी मनात वाईट काहीच नाही, असा निष्कर्ष निघण्याची पुरेपूर शक्यता आहे. भोळे, निष्पाप, मायाळू, निसर्गाची लेकरे हे शब्द तर आपल्या लेखणीतून सहज झरतात. सुसान फिस्क, एमी कडी, पीटर ग्लिक व जुन शू यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, समूहांविषयीच्या प्रतिमांना दोन अक्ष असतात : जिव्हाळा आणि कर्तबगारी. जिव्हाळ्यात वरचे स्थान व कर्तबगारीत खालचे, अशी एक प्रतिमा वृद्ध, अपंग आदींच्या वाट्याला येते. तिच्यातून द्वेष निर्माण होत नाही. दया निर्माण होते. दया करणाऱ्याला आपण पूर्वग्रहमुक्त आहोत अशी खात्री वाटत असते आणि म्हणूनच ही प्रतिमा दीर्घायुषी ठरते. चंद्रपूर-गडचिरोलीविषयीच्या सहानुभूतिपर मराठी लेखनाचा अभ्यास करावयाचा तर मापन या दुसऱ्या अक्षावर, म्हणजे कर्तृत्वाच्या अक्षावर करावे लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे.

४

कर्तृत्व हा शब्द व्याकरणातून आलेला आहे, आणि मराठीत त्याचे मोजमाप करण्याची साधने व्याकरणातच तयार आहेत. एक खरी घटना घेऊ. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाले, आणि २०११ मध्ये ग्रामसभेने आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्यास प्रारंभ केला. ही बातमी मराठीत तीन प्रकारे लिहिता येते. 'मेंढ्याला हक्क देण्यात आला.' 'मेंढ्याला हक्क मिळाला.' 'मेंढ्याने हक्क मिळवला.' तीनही वाक्ये सत्य आहेत, तीनही अनुकूल आहेत, तिन्हींत अपशब्द नाही. पहिल्यात गाव चतुर्थीत आहे आणि देणारा पडद्याआड असूनही तोच बलवान आहे. दुसऱ्यात गाव चतुर्थीतच आहे. हक्क जणू फळासारखा ओंजळीत पडला. तिसऱ्यात गाव तृतीयेत आहे, कर्ता आहे. गावाने अभ्यासगट चालवले, एकमताने निर्णय घेण्याची शिस्त वर्षानुवर्षे पाळली, कागदपत्रे जमवली, हे सारे फक्त तिसऱ्या वाक्याच्या पोटात मावते. 'मिळणे' आणि 'मिळवणे' यांतील एका अक्षराचे अंतर म्हणजे येथे एका समाजाविषयीच्या प्रतिमेचे अंतर होय.

म्हणून पहिले मोजमाप असे : निवडलेल्या गद्यात आदिवासी व्यक्ती वा समूह किती वेळा प्रयोजक अथवा सकर्मक क्रियेचा कर्ता म्हणून येतो, किती वेळा 'त्यांना', 'त्यांच्यासाठी', 'त्यांच्यावर' अशा रूपांत येतो, आणि त्याच पानांवर बाहेरून आलेला शिक्षक, डॉक्टर, अधिकारी वा कार्यकर्ता कोणत्या विभक्तीत वावरतो, याची गणना करावयाची. गणना दोन वाचकांनी एकमेकांना न विचारता करावी आणि नंतर ताडून पाहावी. एकट्याच्या गणनेत त्याचाच पूर्वग्रह उतरण्याचा धोका असतो.

दुसरे साधन सेमिन व फीडलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या भाषिक प्रवर्गांचे आहे. एकच प्रसंग मूर्ताकडून अमूर्ताकडे चढत्या पायऱ्यांनी सांगता येतो, हे त्यांचे प्रतिपादन. आपल्याकडील शाळेचा प्रसंग घेऊन लेखकाने रचलेली उदाहरणे अशी : 'मुलगा शाळेच्या फाटकातून बाहेर पडला व रानाच्या वाटेने गेला.' 'मुलगा शाळेतून पळाला.' 'मुलाला शाळा नकोशी वाटते.' 'मुलगा आळशी आहे.' अनुसूचित जमातीच्या मुलाबाबत पुष्कळदा पाचवी पायरीही असते, ती म्हणजे 'ही मुले अशीच.' पहिल्या वाक्यात एका दिवशी घडलेली घटना आहे. शेवटच्यात काळच उरलेला नाही. आन मास व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उत्तर इटलीतील पालिओ या शर्यतीच्या स्पर्धक गटांचा अभ्यास करून दाखवले की, माणसे आपल्या गटाचे गुण व दुसऱ्या गटाचे दोष अमूर्त भाषेत सांगतात, तर आपले दोष व दुसऱ्यांचे गुण मूर्त, प्रासंगिक भाषेत. 'आमचा माणूस शूर आहे', पण 'त्यांच्यातल्या एकाने त्या दिवशी धाडस केले.' बोलणाऱ्याला या चढउताराचे भान नसते, म्हणून हे अव्यक्त प्रतिमेचे चांगले मापन ठरते.

मराठीत या पायऱ्यांना काळाची जोड देणे आवश्यक आहे. 'माडिया माणूस उद्याची चिंता करीत नाही' या (पुन्हा रचलेल्याच) वाक्यातील वर्तमानकाळ हा रीतिवर्तमान होय, आणि एकवचन हे समूहवाचक एकवचन होय. 'पाणी शंभर अंशांवर उकळते' या वाक्याचे आणि त्याचे व्याकरण एकच. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुले वेचणारी, वाळवणारी आणि पावसाळ्याच्या तोंडी उपयोगी पडावीत म्हणून साठवणारी बाई त्या वाक्याला खोटे ठरवू शकत नाही. कारण ती केवळ 'एक बाई', आणि वाक्य मात्र सार्वकालिक. या वळणाला मोठी परंपरा आहे. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या चार खंडांसारख्या ग्रंथांतून संपूर्ण समूहाचे वर्णन याच कालरहित वर्तमानात करण्याची रीत स्थिर झाली, आणि आमच्या शालेय निबंधांपर्यंत ती पोहोचली.

तिसरे साधन केवळ मराठीचे (आणि तिच्यासारख्या आदरार्थी रूपे असलेल्या भाषांचे) आहे, आणि इंग्रजी संशोधनात त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न तो. 'तहसीलदार म्हणाले', 'डॉक्टर हसले', आणि त्याच परिच्छेदात सत्तर वर्षांचा गावचा भूमिया 'म्हणाला', 'हसला'. लेखक त्याच्याविषयी कळवळ्याने लिहीत असतो, त्याच्या शहाणपणाचे कौतुकही करीत असतो. पण क्रियापद मात्र एकवचनात राहते. याबद्दल हटकले तर लेखक तत्काळ दुरुस्ती करील, आणि म्हणूनच हटकण्यापूर्वीचे लेखन मोलाचे. शंभर मिलिसेकंदांच्या अडखळण्यापेक्षा 'म्हणाला' व 'म्हणाले' यांतील निवड अधिक टिकाऊ पुरावा देते. तो छापलेला असतो व कोणालाही पुन्हा तपासता येतो.

५

आतापर्यंत लिहिणाऱ्यांविषयी झाले. आपण अध्यापक आहोत आणि आपल्या हातात लाल शाई असते, तेव्हा तिच्याविषयीही बोलले पाहिजे.

वॉलेस लँबर्ट व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मॉन्ट्रियल येथे एक युक्ती योजली. एकाच द्विभाषिक व्यक्तीकडून एकच उतारा इंग्रजीत व फ्रेंचमध्ये वाचून घेऊन त्याची ध्वनिमुद्रणे श्रोत्यांना ऐकवली, आणि ही दोन वेगळी माणसे आहेत असे समजून चाललेल्या श्रोत्यांना त्यांच्या बुद्धीविषयी, स्वभावाविषयी, उंचीविषयीसुद्धा अंदाज करावयास सांगितले. इंग्रजी 'रूपा'ला बहुतेक बाबतींत वरचे गुण मिळाले, आणि फ्रेंच भाषक श्रोत्यांनीही आपल्याच भाषेच्या रूपाला खालचे गुण दिले. ज्याच्याविषयी प्रतिमा असते तोही त्या प्रतिमेचा वाहक असतो, हा या प्रयोगाचा सर्वांत क्लेशदायक भाग.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातील झाडीबोलीसाठी हा प्रयोग जणू शिवूनच ठेवलेला आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी व साहित्य चळवळीसाठी आयुष्य वेचले. 'ण'च्या जागी 'न', 'श'च्या जागी 'स' हे तिचे नियमित ध्वनिविशेष आहेत. नियमित म्हणजे चूक नव्हे. पण उत्तरपत्रिकेत 'पानी' दिसले की आपला हात थांबतो, आणि त्या थांबण्यात उत्तराच्या आशयाचे मूल्यही खाली येते. प्रस्तुत लेखकाने अशा रीतीने किती गुण कापले असतील, याचा हिशेब आता लागणे शक्य नाही. वडसा-देसाईगंजला केंद्र मानणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रात्रभर चालणाऱ्या नाटकात नायक कोणत्या मराठीत बोलतो आणि हशा पिकवणारे पात्र कोणत्या, याची नोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका हंगामात सहज करावी. प्रेक्षक व नट दोघेही येथलेच असल्याने लँबर्ट यांच्या दुसऱ्या निष्कर्षाची ती कसोटी ठरेल.

भामरागड, एटापल्ली भागातील माडिया मुलांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्यांची मातृभाषा द्राविडी कुळातील आहे. गोंडी भाषासमूहात नामांची विभागणी पुल्लिंगी व अपुल्लिंगी अशी दोनच गटांत होते. पुरुषवाचक नामे एकीकडे आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू दुसरीकडे. त्या मुलाकडून मराठीच्या त्रिलिंगी व्यवस्थेत होणाऱ्या चुका या अज्ञानातून नव्हे, तर दुसऱ्या एका सुसंगत व्याकरणातून येतात. हे न जाणणाऱ्या शिक्षकाला मात्र त्या मंदबुद्धीच्या खुणा वाटतात.

याचे परिणाम कल्पित नाहीत. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीतील ६४२ मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींची मुले उच्च जातींच्या मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. सर्वांसमोर नाव व जात वाचून दाखवल्यावर त्यांची कामगिरी लक्षणीय घटली. २००६ मध्ये या संशोधनाचा निबंध प्रसिद्ध झाला. रेमा हॅना व ली लिंडन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग व जात यादृच्छिक रीतीने लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. कनिष्ठ जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता, प्रमाण विचलनाच्या ०.०३ ते ०.०८ इतका, पण कमी गुण देण्याची ही प्रवृत्ती मुख्यतः कनिष्ठ जातींतीलच शिक्षकांत आढळली. मॉन्ट्रियलच्या फ्रेंच श्रोत्यांची आठवण येथे टाळता येत नाही. आपल्या जिल्ह्यांत उत्तरपत्रिकेवर नाव झाकले जाते, बोली झाकली जात नाही.

६

आता सावधगिरीच्या बाबी. अव्यक्त साहचर्य चाचणीवर गेल्या काही वर्षांत बरीच टीका झाली आहे. एकाच व्यक्तीची चाचणी काही दिवसांनी पुन्हा घेतल्यास तोच गुणांक येईल याची शाश्वती मर्यादित आहे. ऑसवल्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन, या गुणांकावरून प्रत्यक्ष वर्तनाचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असे म्हटले. फोर्शर व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील ४९२ अभ्यासांच्या आढाव्यात असे दिसले की, अव्यक्त मापन थोडेफार बदलवता येते, पण त्यामुळे वागणूक बदलतेच असे नाही. प्रतिमेचा 'अवयव' दाखवता येत नाही असे वर म्हटले, ते यासाठी. एखाद्याचा हात अडखळला म्हणजे त्याच्या मनात तो पूर्वग्रह आहे, की त्याच्या समाजात तो आहे हे त्याला ठाऊक आहे, याचा निवाडा चाचणी करीत नाही.

मानसशास्त्रज्ञाला ही त्रुटी वाटेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती सोय आहे. आपल्याला लेखकाच्या मनाचा पंचनामा करावयाचा नसून त्याला मिळालेल्या भाषेचा शोध घ्यावयाचा आहे. कॅलिस्कन, ब्रायसन व नारायणन यांनी २०१७ मध्ये इंग्रजीतील प्रचंड मजकूर संगणकाला पुरवून, कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सहवासात येतात याची गणना केली. माणसांच्या चाचणीत आढळलेली बहुतेक साहचर्ये त्या मजकुरात जशीच्या तशी मिळाली. संगणकाला मन नाही, आकस नाही. जे होते ते वाक्यांत होते. तेव्हा गणनेवरून 'अमुक लेखक आदिवासीविरोधी' असा शेरा मारणे शास्त्रालाही धरून होणार नाही आणि न्यायालाही.

प्रतिमा बदलतात काय? पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एका अभ्यासाचे (बीमन, चट्टोपाध्याय, दुफ्लो, पांडे व टोपालोव्हा, २००९) उत्तर अर्धे आशादायक आहे. आरक्षणामुळे स्त्री प्रधान लाभलेल्या गावांत पुरुषांच्या मनातील 'स्त्री म्हणजे घर' हे साहचर्य चाचणीत सैल झालेले आढळले व स्त्री नेत्याच्या कार्यक्षमतेविषयीचा अंदाज सुधारला. पण पुढारी पुरुष असावा ही उघड पसंती हलली नाही. प्रतिमा सैल होते ती दुसऱ्याला काम करताना पाहून, हे यातील लक्षणीय. वाङ्मयात याचा समांतर शोध घ्यावयाचा तर १९७९ च्या भद्रावती येथील पहिल्या आदिवासी साहित्य संमेलनानंतरच्या लेखनाकडे वळावे लागेल. विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' (१९८७), भुजंग मेश्राम यांचा 'ऊलगुलान' (१९९०) असे संग्रह एका बाजूस, आणि विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीसारखे, येथे दीर्घकाळ राहिलेल्या परंतु बाहेरून आलेल्या लेखकांचे गद्य दुसऱ्या बाजूस, अशी तुलना करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. ती सरळ गणनेने करू नये. कवितेतील 'आम्ही' आणि कादंबरीतील 'ते' यांतील फरक किती लेखकाच्या स्थानाचा व किती वाङ्मयप्रकाराचा, हे वेगळे काढता येत नाही. गद्याची तुलना गद्याशी, कथनाची कथनाशी करावी. आणि संवाद व निवेदन यांची गणना तर निरनिराळीच ठेवावी, कारण पात्राच्या तोंडी घातलेला तुच्छतेचा शब्द हा पुष्कळदा लेखकाचा निषेध असतो.

आदरार्थी बहुवचनाच्या गणनेतही एक खाचखळगा आहे. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतील अनेक घरांत आजोबांना व वडिलांनाही 'तू'च म्हणतात. मराठीत आईला आणि देवालाही आपण 'तू' म्हणतोच. तेव्हा येथल्याच एखाद्या निवेदकाने भूमियाला 'तो' म्हटले, तर ते जवळिकीचे एकवचन असू शकते. ते जवळिकीचे की उंचीवरून आलेले, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. त्याच पुस्तकात, त्याच वयाच्या, त्याच गावात बदलून आलेल्या कारकुनासाठी निवेदक कोणते क्रियापद वापरतो, ते पाहावे लागते.